राणीचा दमा आणि अण्णाची दृष्ट

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळूरला के. आर. पुरमच्या बाजारात भाजी निवडत होते. झोपेतच गेला. त्याला आता दीड महिना होत आला, तरी मला राग आहेच... सगळ्या जगाचा श्वास तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा कुणाला तपासू दिला नाही. माझा हा थोरला भाऊ घोड्यांचा डॉक्टर. घोड्यांच्या जुनाट दम्यावर संशोधन करायचा, आणि घरी पाहुणा आला की आधी त्याच्या नाकपुड्या बघायचा. माझ्या लग्नात नवरदेवाला न्याहाळून म्हणाला, "धाप लागते, पण गवतामुळे नाही." सासरी अजून तो विषय काढतात.

जवळच होसकोटेला वनिताक्कांची घोडेस्वारीची शाळा आहे. अक्का इथल्याच, जुन्या मराठी घरातल्या. त्यांची राणी नावाची म्हातारी घोडी सारखी खोकायची, पोट आत ओढून श्वास घ्यायची. अक्कांनी अण्णाला बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत बघते, डॉक्टर, नाही तर विकून टाकते." असली घोडी कोण घेतो आणि कशाला, ते अण्णाला ठाऊक होतं. त्याने धुळीचं कोरडं गवत बंद करून भिजवलेलं सुरू केलं, तबेल्याच्या खिडक्या मोठ्या करून घेतल्या. राणी सुधारली. पण दर शनिवारी पुन्हा खोकायची! अण्णाने पाणी तपासलं, गवत तपासलं, शेजारच्या कोंबड्यांवरही संशय घेतला. शेवटी एका शुक्रवारी तो न कळवता तिथे थडकला. सुधारलेल्या राणीला दृष्ट लागू नये म्हणून अक्का सगळ्या खिडक्या लावून आत सांब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर करत होत्या.

"अक्का, हा धूरच तिला मारतोय!"

"असं कसं? देवाचा धूर आहे. स्वल्प तरी करायलाच पाहिजे."

शास्त्र तिथे चालणार नव्हतं. अण्णा म्हणाला, "दृष्ट घोडीला लागत नाही अक्का, बरं करणाऱ्याला लागते. माझी काढा. बाहेर."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. त्यांना एकदम पटलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी हा विद्वान तबेल्याबाहेर खुर्चीत बसून धूर खायचा आणि ठसकत घरी यायचा. दसऱ्याला राणीच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या शुक्रवारी मी होसकोटेला गेले. राणी शांतपणे ओलं गवत खात होती. बाहेर अक्का रिकाम्या खुर्चीभोवती धूर फिरवत होत्या.

"अक्का, अण्णा नाही आता. मग हे कुणासाठी?"

"मग काय, घोडीला करू?" अक्कांनी मलाच झापलं.