बिनडुलाची शेळी

आमच्या घरात शेळ्यांबद्दल एकच सिद्धांत होता आणि तो आईचा होता. ज्या शेळीच्या गळ्याखाली कातडीचे दोन लोलक लोंबतात, तिला जुळी करडं होतात. त्या लोलकांना आई डूल म्हणायची. डूलवालीला एकच करडू झालं, तर तिला नजर लागलेली असायची. बिनडुलाचीला जुळी झाली, तर बोकड चांगला होता. वाद घालायला जागाच नव्हती.

नव्वदच्या दशकात मी हिंगोलीला कॉलेजात होतो. तिथं सरांनी सांगितलं, की सिद्धांत तपासायचा तर तो कशानं खोटा पडेल हे आधीच ठरवावं लागतं. जो कशानंच खोटा पडत नाही, तो मुळात काही सांगतच नाही. मला वर्गात बसल्या बसल्या आई आठवली. त्या शनिवारी जीपमध्ये बसलो तो याच आवेशात.

घरी धाकटी बहीण रडून लाल झाली होती. जन्मतःच आई गेलेलं एक करडू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्याची आता शेळी झाली होती, पहिल्यांदाच गाभण आणि बिनडुलाची. आई तिला गोरेगावच्या बाजारात विकायला निघाली होती.

"व्याऊ दे की तिला," मी म्हणालो. "दोन झाली तर तुझं म्हणणं खोटं, मग इकायची न्हाई. एक झालं तर मीच बाजारात नेतो. मागून नजर-बिजर चालायची न्हाई."

"व्हय, कबूल," आई म्हणाली.

बहिणीनं माझ्याकडं रागानं पाहिलं. तिला न विचारता मी तिची शेळी पणाला लावली होती.

शेळी व्याली तेव्हा मी सुट्टीत घरीच होतो. एक करडू आलं. बहिणीनं शेळीच्या गळ्यात हात टाकले. पहिलंच वेत, एका शेळीवरून काय ठरतं, अशी कारणं मी आईलाही लाजवील इतक्या चपळाईनं जुळवू लागलो. तेवढ्यात दुसरं करडू आलं. त्याच्या गळ्याखाली दोन इवले डूल होते.

आईनं ते उचलून पुसलं. "हे पाह्य, डूल हायेतच. शेळीच्या पोटात होते. डूलवालीच हाय ही, हिला काहून इकू?"

माझं डोकं फिरलं. अट कबूल केलेली, निकाल डोळ्यांसमोर, आणि आता डूल म्हणे पोटात! मी तोंड उघडलं, तोच बहिणीनं माझा हात गच्च धरला.

"दादा, गप ऱ्हाय," ती हळूच म्हणाली. "आई ठिवून राहिली तिला."

मी आईला म्हणालो, "बराबर हाय. पोटातच असतील."