तीन हातोड्यांची पावती

पुलाच्या अलीकडे भर दुपारी वाफ सोडत उभी राहिलेली ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही. नोकरीत मी चंबळचे डाकू पाहिले, खुनी पाहिले, भल्याभल्यांना बोलते केले. पण थक्क होऊन तोंडातून शब्द फुटू नये, असे एकदाच घडले. तेही एका निरक्षर माणसापुढे, ज्याला मीच कोठडीत टाकले होते.

ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झाले, तेव्हा मी जुन्या संस्थानी पोलिसात फौजदार होतो. घर ग्वाल्हेरच्याच शिंदे की छावनी या मोहल्ल्यात. पणजोबा दख्खनहून फौजेबरोबर आले, ते इथलेच झाले. विलीनीकरण म्हणजे काय, हे त्या दिवसांत सरकारी नोकरीत असलेल्यालाच विचारावे. टोपीवरचा बिल्ला बदलला, सलाम करायचे साहेब बदलले, आणि राजधानीसुद्धा अर्धी अर्धी वाटून घेतली: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. वर्षातून दोनदा फायलींच्या पेट्या गाडीत चढत. आपल्याला हवी ती फाईल हमखास दुसऱ्या गावी असे.

अशाच एका हिवाळ्यात मला सचिवालयात बोलावणे आले. इंदूरकडचे एक उपसचिव होते. चष्मा पुसत पुसत बोलायचे. म्हणाले, "फौजदार, चोर पकडायला माझ्याकडे माणसे आहेत. तुम्ही मला धोका पकडून द्या."

काम असे होते. धान्य, रॉकेल, कापड सगळे रेशनवर होते, आणि आतल्या जिल्ह्यांत ते पोचवायला संस्थानच्या काळातली छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची आगगाडी, एवढाच भरवशाचा मार्ग. ती दोन दिवस बंद पडली, तरी तिकडची रेशनची दुकाने ओस पडत. या वाहतुकीला कोणाकडून धोका आहे आणि सरकारने काय धोरण ठरवावे, याचे टिपण मला करायचे होते. एक खोली, एक टंकलेखक आणि एक डगमगते टेबल मिळाले. आठवड्याभरात मी यादी केली: डाकू, साठेबाज, तारा चोरणारे, संप करवणारे. यादी मला फार आवडली होती.

त्याच सुमारास गाड्या थांबू लागल्या. एका नाल्यावरच्या पुलाच्या अलीकडे रुळांच्या मधोमध काठी रोवलेली आणि तिला लाल फडके बांधलेले. लाल दिसले की ड्रायव्हर थांबणारच. आजूबाजूला माणूस नाही. मग चौकशी, पाहणी, आणि शेवटी गाडी मुंगीच्या पावलांनी पूल ओलांडायची. महिनाभरात असे चार वेळा झाले. मी स्टेशनातली रजिस्टरे मागवून ताडून पाहिली आणि खुर्चीत ताठ बसलो. चारही गाड्या धान्याने भरलेल्या होत्या. रिकामी गाडी एकदाही थांबली नव्हती.

आता याला कट नाही म्हणायचे तर काय म्हणायचे? धान्य अडवायचे, बाजारात भाव चढवायचे. उपसचिवांनी माझी पाठ थोपटली. मी फुशारलो, हे इथे कबूल करतो.

खबर आणली दाणाओली या ग्वाल्हेरच्या धान्यबाजारातल्या एका पल्लेदाराने. पल्लेदार म्हणजे धान्याची पोती वाहणारा हमाल. तो त्या लाईनीवरच्या गावचा होता. "हुजूर, लाल कपड़ा तो चाबीवाले की झोंपड़ी में टँगा है," म्हणाला. रूळ आणि स्लीपर यांना जखडून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरेला तिकडे चाबी म्हणतात. चाबीवाला रोज आपल्या वाट्याचा तुकडा पायी चालतो आणि ढिली झालेली प्रत्येक चाबी हातोडीने ठोकून बसवतो. घरचाच माणूस फितूर, असा मी अर्थ लावला.

सकाळी दोन शिपाई घेऊन गेलो. झोपडीत फडके मिळाले. चाबीवाला साठीला टेकलेला, काटकुळा, कानाला मफलर गुंडाळलेला. पळाला नाही, रडला नाही. पंचनामा केला, ठाण्यात आणला, अंगझडती घेतली, रोजनाम्यात नोंद केली. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे होते. सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्याखाली घातपाताचा आरोप, म्हणजे काही वर्षे सक्तमजुरी. त्या वयात तो तुरुंगातून चालत बाहेर येईल, असे मला वाटत नव्हते.

चौकशीला बसलो. "फडके तूच बांधलेस?"

"हो साहेब, मीच. नाही कशाला म्हणू?" तो बोलत होता आमचीच ग्वाल्हेरी मराठी. त्याचे पूर्वजही आमच्यासारखेच फौजेबरोबर आलेले.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"पुलाच्या."

मी टेबलावर हात आपटला. नोकरीच्या तीस वर्षांत एक गोष्ट मी शिकलो आहे. खोटे बोलणारा माणूस टेबलावर हात आपटला की बोलायचा थांबतो, नाहीतर भडाभडा बोलायला लागतो. हा आपल्या त्याच चालीत बोलत राहिला.

"साहेब, तिसऱ्या खांबावरच्या चाब्या मी सांजेला टाइट करतो, अन् सकाळी जाऊन पाहतो तर फिर ढिल्या. बाकी कुठे नाही होत असं. खांब हलून राहिला आहे. नीचे माती नाही राहिली."

"मग भरलेल्याच गाड्या का थांबवल्यास?"

मास्तराने ढ पोराकडे पाहावे, तसे त्याने माझ्याकडे पाहिले. "रिकामीचं वजन किती असतं, साहेब?"

माझा सगळा कट त्या एका वाक्यात विरघळू लागला. पण फौजदार इतक्या लवकर हार मानत नाही. मी विचारले, "वरिष्ठांना कळवले का नाहीस?"

"तीन बार कळवलं ना! हातोडी ठेवून आलो."

ही कसली भाषा, ते मला समजेना. त्याने सांगितले ते असे. संस्थानच्या वेळी चाबीवाल्यांना लिहिता येत नसे. त्यांची एक जुनी रीत होती. लाईनीत आपल्या हाताबाहेरचा दोष दिसला, की चाबीवाला इंजिनिअरच्या कचेरीत जायचा, आपली हातोडी डोके खाली करून उंबऱ्याशी उभी ठेवायचा आणि काही न बोलता परत फिरायचा. अर्थ एवढाच: माझ्या तुकड्याची हमी मी आता घेत नाही, येऊन पाहा. इंजिनिअर कितीही मोठा असो, त्याच दिवशी ट्रॉलीवर बसून लाईनीवर जायचा. जाताना हातोडी बरोबर न्यायची आणि चाबीवाल्याच्या हातात परत द्यायची.

"या वेळी कोणी आलंच नाही. मग साल्याची, बायकोच्या भावाची, हातोडी नेऊन ठेवली. तरी नाही. मग लोहाराकडून नवी बनवली, ती पण ठेवली. चौथी कुठून आणू? म्हणून फडकं बांधलं. त्याच्या आधी एक बार समोर उभं राहून गाडी रोकली होती, तर स्टेशनचे नवे बाबू म्हणाले, फिर असं केलं तर नोकरी जाईल."

मी टोपी चढवली आणि तडक ती कचेरी गाठली. जुने इंजिनिअर निवृत्त झाले होते, नवे दौऱ्यावर होते. कारकून बाहेरून बदलून आलेला, सज्जन आणि कमालीचा नेटका माणूस. संस्थानची मालमत्ता नव्या सरकारच्या ताब्यात द्यायची म्हणून तो दिवसरात्र याद्या करत होता.

"हातोड्या? आल्या होत्या की. तीन," तो अभिमानाने म्हणाला. "हे चाबीवाले फार प्रामाणिक हो. न मागता सरकारी माल जमा करून गेले."

त्याने कोठार उघडून दाखवले. फळीवर तिन्ही हातोड्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या दांड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: 'जमा. चालू स्थितीत.' पावत्याही करून ठेवल्या होत्या, फक्त त्या न्यायला कोणी आले नव्हते. मी हसावे की डोके धरावे, मला कळेना. एक माणूस तीन वेळा जिवाच्या आकांताने ओरडला होता, आणि आम्ही त्या ओरडण्याला चिठ्ठी बांधून फळीवर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढची गाडी होती. धान्याचे डबे, आणि मागे उतारूंचे तीन डबे. मी स्टेशनमास्तरांकडे गेलो. त्यांना लेखी हुकूम हवा होता. उपसचिवांना फोन केला. ते म्हणाले, "आरोपीच्या सांगण्यावरून गाडी रद्द करू? उद्या सगळे पेपर हसतील." त्यांचेही चुकत नव्हते. लेखी पुरावा माझ्याकडे काय होता? तीन हातोड्या.

दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याऐवजी मी चाबीवाल्याला जीपमध्ये घातले, कोठारातली लोहाराकडून केलेली हातोडी बरोबर घेतली आणि पुलावर गेलो. वाटेत मी त्याला 'तुम्ही' म्हणू लागलो होतो, ते माझ्या शिपायाने मला नंतर सांगितले.

त्याने पहिल्या खांबावरच्या रुळावर हातोडी मारली. खणखणीत आवाज. दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्यावर मारली, तोही मला तसाच वाटला. तसे मी म्हणालो.

"डोळे मिटून घ्या, साहेब. आवाज संपतो कसा, ते ऐका."

पुन्हा पहिल्यावर मारली. आवाज दूरवर बारीक होत गेला. तिसऱ्यावर मारली. आवाज निघाला आणि मध्येच बसला, बोलता बोलता माणसाचा घसा बसावा तसा. रोज सकाळ-संध्याकाळ हा माणूस एवढ्या मैलांच्या लोखंडातून ही एक उणीव ऐकत होता, आणि आतल्या सगळ्या जिल्ह्यांचे जेवण त्याच्या या दोन कानांवर अवलंबून होते. सचिवालयात कोणाला त्याचे नावही माहीत नव्हते.

लांबून शिटी ऐकू आली. फडके मुद्देमाल म्हणून सीलबंद होते. मी शिपायाचा लाल पटका मागून घेतला, पुलाच्या अलीकडे रुळांमध्ये उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी तो हलवू लागलो. वर्दीतला फौजदार, ज्या गुन्ह्याखाली आरोपी पकडला तोच गुन्हा करत होता. पुलाखाली काही निघाले नाही, तर नोकरी गेलीच, आणि बायकोमुलांना काय सांगायचे, हाही विचार मनात येऊन गेला. गाडी जवळ आली, मोठी झाली, पायाखालचे खडे थरथरू लागले. चाके किंचाळली आणि इंजिन माझ्यापासून पाच-सात पावलांवर थांबले.

ड्रायव्हरने मला मनसोक्त शिव्या दिल्या. तार गेली. दोन तासांनी दौऱ्यावरचे इंजिनिअर ट्रॉलीवरून आले, तेही तावातावाने. तिसऱ्या खांबाच्या पायाशी पावसाळ्यात वाहून आलेला गाळ साचला होता, वरून सगळे ठाकठीक दिसत होते. रूळदुरुस्तीचे गँगमन कुदळी घेऊन उतरले. चौथ्या घावाला कुदळ आत गेली ती दांड्यासकट. गाळ उपसला, तेव्हा खांबाखाली एक बैल आरामात उभा राहील एवढी पोकळी निघाली. खांब एका कोपऱ्यावर कसाबसा टेकलेला होता.

इंजिनिअरांनी डोक्यावरची हॅट काढली. डब्यांतून उतरलेले लोक काठावर येऊन पाहत होते. एक बाई कडेवरच्या मुलाला घट्ट धरून त्या खड्ड्याकडे टक लावून उभी होती. मला भरून आले. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते, मी लपवलेही नाही.

त्याच संध्याकाळी दंडाधिकाऱ्यांकडे गुन्हा मागे घेण्याचा अहवाल दिला आणि चाबीवाल्याला सोडले. ठाण्याच्या पायरीवर मी त्यांची माफी मागितली. "काका, माझी चूक झाली."

त्यांनी ते जणू ऐकलेच नाही. उलट मलाच विचारले, "साहेब, गाडी समोर आली, तेव्हा तुमचे पाय कापले?"

"कापले," मी म्हणालो. "खूप."

"माझे तर फडकं बांधताना पण हर बार कापायचे," ते म्हणाले आणि मफलर सारखा करून स्टेशनच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना तुकडा चालायचा होता.

मी टिपण नव्याने लिहिले. डाकू, साठेबाज आणि तारा चोरणारे यादीत राहिले, पण त्यांच्या वर मी एक कलम घातले: लाईनीवरच्या माणसाला धोका वाटला तर तो कोणत्याही हुकमाशिवाय गाडी थांबवील, त्याचा अंदाज चुकला, तरी त्याला शिक्षा होणार नाही. उपसचिवांनी ते कलम दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि विचारले, "आणि असा किती वेळा चुकेल तो?" मी म्हणालो, "साहेब, चुकू द्यावे."

त्यांनी सही केली. पुढे कितीतरी आरोपी माझ्यासमोर बसले, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारण्याआधी मी स्वतःला एक विचारत आलो: या माणसाने आपल्याला हे आधी कुठे सांगितले होते का? बऱ्याचदा सांगितलेले असे.