चौथ्या पानावरचे तास

मित्रांनो, वायुदलात हेलिकॉप्टर उडवून निवृत्त झालोय. नागरी पायलटच्या नोकरीसाठी सहा अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही.

आज सकाळी देवपूरच्या घरी वडिलांना माझा चार पानी बायोडेटा अभिमानाने वाचून दाखवला. हुद्दे, तुकड्या, पदक, सगळं.

वडील, म्हणजे नाना, चोपड्याचे जुने केळी व्यापारी. म्हणाले, "पण तू इमान किती तास उडाडं, ते कोठे शे?"

ते चौथ्या पानाच्या तळाशी होतं. फौजेत ते कुणाला सांगावंच लागत नाही.

"गिऱ्हाईकले पहिले घड दखाड. मळानी गोष्ट मंग." म्हणजे आधी केळीचा घड दाखवायचा, मळ्याचं कौतुक नंतर.

दुपारी एकाच पानाचा बायोडेटा केला. उड्डाणाचे तास पहिल्या ओळीत. पदक काढून टाकलं होतं, ते मात्र नानांनी परत घालायला लावलं.

तुमच्या बायोडेटात घरच्यांच्या हट्टापायी राहिलेली ओळ कोणती?