ब्रेकची शिल्लक

श्रीधररावांची आणि माझी पहिली भेट फ्रँकफर्टच्या विमानतळावर झाली. माझ्या मुलीचे, कल्याणीचे, ते सासरे. म्हणजे माझे व्याही. लग्न पुण्यात झालं तेव्हा कंबरेच्या ऑपरेशनमुळे ते येऊ शकले नव्हते, पुढेही भेटीचा योग आला नाही, म्हणून फोटोपलीकडे ओळख नव्हती. मी पदर सावरून, हात जोडून पुढे झाले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी मोठी बॅग एका हाताने उचलली, डोळे मिटले, क्षणभर तशीच अधांतरी धरली आणि म्हणाले, "तेवीस किलो चारशे." मग बॅग खाली ठेवून डोळे उघडले. "नमस्कार, विहीणबाई. प्रवास कसा झाला?"

मुंबईच्या काट्यावर बॅग बरोबर तेवीस चारशे भरली होती.

माणूस विक्षिप्त आहे, असा शेरा मी तिथेच मारून टाकला. तेव्हाची मी म्हणजे साठीला टेकलेली, नुकतीच मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उठलेली आणि उरलेल्या जगाला अजून बाकावर बसवू पाहणारी बाई. आज ती बाई आठवली की मला हसू येतं. मधूनच घामही फुटतो.

श्रीधरराव मूळचे सांगलीचे. उभी नोकरी जर्मनीत झाली, गाड्यांच्या एका कंपनीत, ब्रेकच्या चाचणी विभागात. बायको लवकर गेली. निवृत्तीनंतर त्यांनी एक पिकअप घेतली आणि तिच्या पाठीवर चढवायची एक छोटी खोली घेतली. आत पलंग, शेगडी, टेबल, सगळं. जर्मन लोक तिला वोनकाबिने म्हणतात, श्रीधरराव खोपी म्हणत. कोटाच्या खिशात हुकाचा काटा कायम असायचा, पण तो हाताची खात्री करून घेण्यापुरता. डाळीची पुडी असो की नातीचं दप्तर, आधी तोलायचं, मग बोलायचं.

खोपी घेतली तेव्हा तिच्या माहितीपत्रकात वजन छापलेलं होतं. त्यावर त्यांनी लाल पेन्सिलीने मारलेली फुली मला दिसली. मी विचारलं, "कंपनीने छापलंय ते खोटं असतं का?"

"खोटं नाही हो. स्थळ दाखवताना देतात तसला फोटो असतो तो. गॅसची टाकी नाही, बॅटरी नाही, बाहेरचं छत नाही. नुसती नटूनथटून उभी. खरी काय ती घरी आल्यावर कळते." आणि माझ्याकडे बघून घाईने म्हणाले, "कल्याणीबद्दल नाही म्हणत मी, विहीणबाई!"

त्या उन्हाळ्यात आम्ही श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात जायचं ठरलं. श्रीधरराव, कल्याणी, सहा वर्षांची नात रेवा आणि मी. जावईबापू कामामुळे मागून रेल्वेने येणार होते. निघण्याच्या आदल्या दिवशी श्रीधरराव वही घेऊन चहाच्या टेबलावर बसले. कपडे किती, भांडी किती, रेवा किती. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "आल्झो, तर मग विहीणबाई, तुमचं वजन?"

कल्याणीच्या हातातला चहा बशीत सांडला. व्याह्याने विहिणीला वजन विचारायचं! मी ताठ बसून म्हटलं, "अठ्ठावन्न." कल्याणी शाळेत होती तेव्हा मी अठ्ठावन्न होते. श्रीधररावांनी बॅगेकडे पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नंतर भरलेली गाडी गावाबाहेरच्या धान्यगोदामात भुईकाट्यावर नेली. मलाही गाडीत बसायला सांगितलं. "मी काय ज्वारीचं पोतं आहे का?" म्हणून मी कुंपणाशी उभी राहिले. आधी अख्खी गाडी तोलली, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून नुसता मागचा भार. माझं वजन नंतर कागदावर मिळवलं. गाडीला जेवढी परवानगी होती त्यात सत्तर किलो उरले.

"सत्तर!" मी म्हटलं. "मग माझा लोखंडी खलबत्ता का काढून ठेवलात? साडेचार किलोंचा तर आहे."

"ती शिल्लक तुमची नाही, विहीणबाई. माझीही नाही. शिल्लक राहते ती ब्रेकची."

दुसरी गोष्ट त्यांनी पाण्याची सांगितली. खोपीची नव्वद लिटरची टाकी अगदी मागच्या टोकाला, चाकांच्याही पलीकडे होती. तिच्यात ते दहा लिटरच ठेवत. "बसवणाऱ्याने डोकं घरी ठेवलं होतं. शेपटीला ओझं टांगलं की तोंड उचललं जातं. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग नावापुरतं. पाणी तिकडे पोचल्यावर भरू."

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पण मी मनमाडची. आमच्या नळाला पाणी यायचं ते पंधरा-वीस दिवसांनी, आणि आलं की वाट्या-चमचेसुद्धा भरून ठेवायचे. प्रवासाला निघताना समोर भरली घागर हवी. रिकामी दिसली तर माझी आई पाय धुऊन पुन्हा आत बसायला लावायची. आणि इथे नव्वद लिटरची टाकी, अंगणात धो धो नळ, अन् टाकी रिकामी घेऊन निघायचं? त्यात खलबत्त्याचा राग होताच. सकाळी श्रीधरराव पुढच्या चाकांची हवा बघत होते, तेव्हा मी मागे बागेचा पाइप टाकीत सोडला. तोंडातून पाणी बाहेर आलं तेव्हा काढला. वर झाकण लावून हळदीकुंकू वाहिल्यासारखी दोन बोटं टेकवली. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. त्या सकाळी माझ्या डोक्यात पाणी होतं, वजन नव्हतं.

ऑटोबानला लागल्यावर श्रीधरराव गप्प झाले. एरवी ते गाडी चालवताना सांगलीच्या भडंगापासून कृष्णेच्या पुरापर्यंत बोलत. त्या दिवशी दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि नजर समोर. एक मोठा ट्रक शेजारून गेला तशी आमची गाडी किंचित डोलली, आणि डोलून झाल्यावर पुन्हा एकदा डोलली.

"बाबा, वारा आहे का?" कल्याणीने विचारलं.

"वारा नाही. समोरून हलकं लागतंय."

पुढच्या थांब्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. मागच्या चाकाशी वाकून त्यांनी चाक आणि पत्रा यांच्यामध्ये आडवी बोटं घातली. "काल चार बोटं होती. आज अडीच." मग आम्हा दोघींकडे पाहिलं. "कुणी काही चढवलंय का? कल्याणी?"

"नाही बाबा."

"विहीणबाई?"

आता सांगायला काय हरकत होती? गाडी उभी होती, शेजारी गवत होतं, दोन मिनिटांचं काम होतं. पण व्याह्यासमोर, लेकीसमोर, नातीसमोर 'मी तुमचं ऐकलं नाही' म्हणायचं? मुख्याध्यापिकेने?

"मी? छे!" मी म्हटलं.

"आई, नक्की ना?" कल्याणीने विचारलं. तिला मी ओळखते तसंच तीही मला ओळखते.

"एकदा सांगितलं ना!"

श्रीधररावांनी हात पुसले. "विहीणबाई म्हणतात ना, मग नाही. मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला असेल. खाली गावात गॅरेज आहे, तिथवर सावकाश जाऊ."

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तेच सुटल्यासारखं वाटणं आज मला सगळ्यात लाजिरवाणं वाटतं.

चढ चढून गेलो. वर दाट झाडी होती आणि मग उताराची पाटी आली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा, त्याखाली नुसते झाडांचे शेंडे. श्रीधररावांनी गिअर खाली घेतला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर त्यांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी तशीच सरळ जात राहिली. किती वेळ? एक श्वास. मग चाकांना ऐकू आल्यासारखी ती वळली. कठडा माझ्या खिडकीला घासून जातो की काय असं वाटलं. मागे भरलेली टाकी जागच्या जागी करकरली. तो आवाज मला ऐकू आला. बाकी कुणाला कळला नाही, कारण तो कसला ते मलाच माहीत होतं.

श्रीधररावांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी मनात हिशेब मांडत होते, पुढच्या सपाटीवर सांगते, या वळणानंतर सांगते.

"एस श्टिंक्ट, आबा," रेवा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण तक्रार ती जर्मनमध्येच करते. वास येतोय, म्हणाली. येत होता. जळका, रबरासारखा. रेवाने माझा हात धरला, आणि पुढच्या वळणातून वर येणारी बस दिसली.

"श्रीधरराव, पाणी!" मी ओरडले. "टाकीत पाणी आहे! मी भरलंय!"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "किती?"

"काठोकाठ."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. "कल्याणी, रेवाचा पट्टा बघ." गिअर आणखी खाली पडला, इंजिन किंचाळलं. त्यांनी वळणाच्या कितीतरी आधी स्टेअरिंग फिरवायला घेतलं, ब्रेकवरचा पाय उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. बस आमच्या शेजारून गेली. तिच्या खिडकीतल्या एका म्हाताऱ्याचा चष्मा मला अजून आठवतो, इतक्या जवळून. पुढे लाकडाचे ओंडके रचून ठेवलेली सपाट जागा होती. तिथे गाडी आत घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं. उतरून चाकांना दगड लावले. आणि मग एका ओंडक्यावर बसून दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

मी शिव्या खायला तयार होते. त्यांनी टाकीचा खालचा नळ सोडला आणि मला म्हणाले, "बसा." बोटभर धारेने ऐंशी लिटर पाणी जंगलात जायला किती वेळ लागतो ते मनमाडच्या बाईला विचारा. मी सगळं पाणी जाईपर्यंत बघत बसले. शिक्षा त्यांनी दिली नव्हती, पण मी ती पुरेपूर भोगली.

"चूक माझी," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"तुमची कशी?"

"टाकीवर टकटक केलं असतं तरी आवाजावरून कळलं असतं. केलं नाही. तुम्ही नाही म्हणालात, वर मी वाजवून बघायचं म्हणजे विहिणीवर संशय घेतल्यासारखं. तुम्ही मानापायी लपवलंत, मी मानापायी तपासलं नाही. आणि मागच्या सीटवर पोरगी." त्यांनी रेवाकडे पाहिलं. ती ओंडक्यांवरच्या मुंग्या बघत होती. "वजनाला नातं कळत नाही, विहीणबाई. यापुढे मी टकटक करणार. राग मानायचा नाही."

"नाही मानणार," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी एका वाक्यात ऐकलं.

ब्रेक निवल्यावर आम्ही बैलगाडीच्या वेगाने खाली गेलो. गॅरेजवाल्याने पाटे तपासले, धड निघाले. श्रीधररावांनी ही गोष्ट माझ्या जावयाला कधीही सांगितली नाही. पुढच्या उन्हाळ्यात निघताना मात्र गाडीसमोर, फरशीवर, पाण्याने भरलेला तांब्या ठेवलेला होता. वर बागेतलं एक फूलही. "शकुनाला एक लिटर पुरतो," ते म्हणाले. "वहीत धरलाय." आणि मागे जाऊन, माझ्यादेखत, त्यांनी टाकीवर टकटक केलं. मी राग मानला नाही. थोडासा मानला, पण दाखवला नाही.

असे आठ-नऊ उन्हाळे गेले. गेल्या हिवाळ्यात श्रीधरराव गेले. पोटाचं दुखणं होतं आणि ते त्यांनी बरेच दिवस स्वतःपाशीच ठेवलं. लपवण्यात ते माझ्या वरताण निघाले. खोपी कल्याणीकडे आली आणि तिच्यासोबत ती वही.

पहिल्या सहलीच्या पानावर 'विहीणबाई ५८' असं लिहून खोडलेलं होतं आणि वर '६७'. त्या सहलीनंतर मी कल्याणीच्या न्हाणीघरातल्या काट्यावर चढले होते, तेव्हा सदुसष्टच भरले होते. पुढच्या वर्षीपासून यादीत एक नवी ओळ होती, 'वि. बा. लपवतील ते – १५'. दर वर्षी. म्हणजे लोणच्याची बरणी, पुरणयंत्र, पुस्तकं, जे जे मी गादीखाली सरकवलं असं समजत होते, त्या सगळ्याला त्यांनी आधीच जागा करून ठेवली होती.

मग त्यांची स्वतःची ओळ पाहिली. 'श्रीधर – ८२.' पुढच्या पानांवर ८०. ७४. ६७. शेवटच्या पानावर, जी सहल झालीच नाही तिच्या, ६१. आणि जसजसा तो आकडा उतरत गेला होता तसतसा खालचा चढला होता. वि. बा. लपवतील ते, वीस, पंचवीस. शेवटी तीस, आणि पुढे बारीक अक्षरात, 'खलबत्ता आणतील. आणू दे.'

वही मिटून मी बराच वेळ तशीच हातात धरून बसले. तिचं वजन मला सांगता आलं नसतं. मला तो हात नाही.

या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा निघालो. चालवायला कल्याणी, शेजारी रेवा, सोळा वर्षांची, आणि मागे मी, खलबत्ता उघड मांडीवर घेऊन. तांब्या ठेवला. टाकीवर टकटक मी केलं. भुईकाट्यावर या वेळी मी गाडीतच बसून राहिले, ज्वारीचं पोतं होऊन. काट्यावर आकडा उमटला. कल्याणीने वहीत वजाबाकी केली आणि मागे वळली.

"आई, अजून बरेच किलो उरलेत. घरून आणखी काही घ्यायचंय का तुला?"

"नको," मी म्हटलं. "ती ब्रेकची."