निवृत्तीची तिहाई

निवृत्तीचे हात म्हणजे कान्हे गावाचा ठेवा. भजनात पखवाज त्यानंच धरायचा. पण केस पांढरे झाल्यावर माणसाला काय खाज सुटेल, सांगता येत नाही बघा. भुशी धरणाच्या वाटेवर एका रिसॉर्टात रविवारी संध्याकाळी जोडपी नाचतात, तिथल्या विहंगच्या बँडमध्ये हा काँगा वाजवायला लागला. काँगा म्हणजे कमरेएवढं लाकडी पिंप, वर कातडं, दोन्ही हातांनी थापायचं.

थाप गोड पडायची. घोळ व्हायचा ताल बदलताना. संथ बोलेरो तालातून खेळकर चा-चा-चात जायचं, की ह्याचे हात सवयीनं तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, मारून दणकन समेवर यायचे. मान वर, जणू आता बुवा अभंग उचलणार. गाणं संपलं समजून जोडपी टाळ्या वाजवायची नि भज्यांकडे वळायची.

"काका, इथे काही संपत नाहीये हो," विहंग कळवळून म्हणाला. "नुसतं सरकायचंय. शेवटच्या मात्रेवरचे ते दोन खुले टोल दोन्ही तालांत आहेत, ते धरून पलीकडे जा. या रविवारी नाही जमलं, तर मी तालाचं मशिन लावतो."

निवृत्तीचं तोंड एवढंसं झालं. काँगा जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यानं घरी आणला.

"ही कोन?" बायकोनं, अनसूयेनं विचारलं.

"सवत."

"बरी हाय. माज्यापेक्षा जाड, अन् बोलत न्हाई."

दुपारभर पडवीत थापा, आणि दर वेळी तीच मेली तिहाई. समोर अनसूया मोडाचे वाल सोलत बसलेली, तोंड चालूच. खाचरांवरचं धुकं हळूहळू अंगणात आलं, मग उंबऱ्यापाशी. निवृत्तीनं डोळे मिटले आणि हात तिच्या बोलण्याखाली सोडून दिले. झुंबरबाईच्या सुनेवरून ती खताच्या गोणीवर गेली, तिथून गुडघ्यावर, गुडघ्यावरून कुणाच्या तरी लग्नात कमी पडलेल्या बुंदीवर. सून संपायच्या आधीच गोणी सुरू झालेली. सांधा म्हणून सापडेना. हातही तिच्यामागं निघाले, झोपेत कूस बदलावी तसे.

मग ती दम घ्यायला थांबली आणि थापा बंद पडल्या.

"थांबला का?" अनसूया म्हणाली. "वाजवा की. मला बोलाया बरं पडतंय."

"तू थांबलीस म्हनून."

"मी कशाला थांबू," म्हणून ती परत बुंदीवर आली.

रविवारी रिसॉर्टाच्या उघड्या खिडक्यांतून ढग आत शिरले होते. दिव्यांभोवती पिवळा कापूस. एक जाडगेले आजोबा बायकोच्या खांद्यावर हनुवटी टेकून झुलत होते. निवृत्तीच्या कानात गोणी, गुडघा, बुंदी. दोन टोल पडले, हात हलके झाले. आजोबांची पावलं लचकायला लागली तरी डोळे मिटलेलेच. कुणी टाळी वाजवली नाही. भजनात निदान 'वा' तरी म्हणाले असते, असं त्याला जरा टोचलंच.

गिटार धरलेला विहंग मागं पडला होता. धावतपळत त्यानं ताल गाठला आणि पायानंच मशिन कोपऱ्यात सारलं.

"काका, बदललंत कधी?"

"काय म्हाईत," निवृत्ती म्हणाला. हात आपले चाललेच होते.