स्टार्टर, सातपाटी पद्धतीचा

समस्त पालघर तालुक्याला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गॅरेजच्या दारात हवा भरून झाल्यावर माझ्या गाडीने फक्त ‘टक्’ असे म्हणून मौन धारण केले. मागच्या सीटवर आई होती. बोईसरला तिच्या डायलिसिसची वेळ चुकली, तर पुढचा नंबर परवा. आणि पाय तर आधीच सुजलेले.

आमचा मेकॅनिक सातपाटीचा, बोटींच्या इंजिनांवर वाढलेला. प्रत्येक गाडीला तो ‘बाय’ म्हणतो. बॉनेटवर कान टेकून डोळे मिटतो आणि गिऱ्हाईक रडकुंडीला येईपर्यंत बोलत नाही. त्याने दिवे लावून पाहिले. लख्ख!

“बॅटरी बरी हाय.” मग त्याने पान्याने स्टार्टरवर दोन टोले दिले. पुन्हा ‘टक्’. “बायचा स्टार्टर मेला. नवा उद्या मिळंल.”

आईकडे एकदा बघून तो शेजारच्या तसल्याच गाडीखाली शिरला आणि तिचा स्टार्टर काढून माझ्या गाडीला बसवू लागला. मी हादरलोच. “अरे, दुसऱ्याचा?”

“आमच्यात जी बोट दर्यात जायाची, तिला किनाऱ्यावरच्या बोटीचं सामान लावतात. इचारत कोन बसतंय?”

पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली.

“पण ती गाडी कोणाची?”

“फौजदारसायबांची. येतीलच आता न्यायला.”

मी गॅरेजच्या दाराकडे बघू लागलो. शेजाऱ्याचे फूलसुद्धा न विचारता कधी न तोडणारी माझी आई मागून ओरडली, “मग बघत काय बसलास? पळव की गाडी!”