बागेतला कोयता

प्रार्थनेला बसले की माझ्या शेजारचे ते वयस्कर शेतकरी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, थंडी वाजत असेल.

देवळाली प्रवऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर फादर दर शुक्रवारी बायबलातल्या शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचायचे. मग डोळे मिटून आपण त्यात शिरायचं. कुठं उभे आहोत, काय दिसतं, ते पाहायचं. मी शाळामास्तर, मला पुस्तकातली चित्रं दिसायची. शेजारी बसलेल्या त्यांना मात्र वास यायचे. "माशाचा वास हाय, गुरुजी." फादर पुढं सरकले की ते हमखास म्हणायचे, "थांबा जरा. मी अजून तितंच हाय."

तरुणपणी पाटाच्या पाण्यावरून त्यांनी चुलतभावावर कोयता चालवला होता. भावाच्या उजव्या हाताची चार बोटं उसाच्या सरीत पडली. ते तुरुंगात जाऊन आले. भाऊ शेजारीच एकटा राहायचा, बोलणं बंद.

एका शुक्रवारी भाऊही येऊन बसला. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. त्या दिवशी येशूला बागेत धरतात तो प्रसंग होता. येशूचा शिष्य पेत्र धरायला आलेल्या एका चाकराचा तलवारीनं कान कापतो आणि येशू तो बरा करतो.

"माझ्या हातात तलवार न्हाई, कोयता हाय," ते डोळे मिटूनच म्हणाले. "चाकराचं तोंड माझ्या भावाचं हाय. ऊस तोडल्यावानी आवाज झाला. आन् मला बरं वाटलं. लई बरं वाटलं."

भाऊ उठला आणि त्यानं डाव्या मुठीनं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा, तिसरा. ओठ फाटला, दात चटईवर पडला. मी भावाला कंबरेत धरून ओढू लागलो.

"सोडा त्याला, गुरुजी," ते रक्त गिळत म्हणाले. त्यांनी हात वर केला नाही.

भाऊ दमून थांबला. "येशूनं कान जोडला. माझी बोटं कोन जोडनार?"



दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक्या ओठानंच ते भावाच्या गोठ्यात गेले आणि म्हशीची धार काढून दिली. भावानं दूध उकिरड्यावर ओतलं. ते पुन्हा गेले. आठव्या दिवशी दूध घरात गेलं. अकरा वर्षं असंच चाललं. दोघं एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. मातीला भाऊ आला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गोठ्यावरून चाललो होतो. म्हैस ओरडत होती, कास तटतटली होती. भाऊ खाली बसून एका हातानं धडपडत होता.

"मी काढू का धार?" मी विचारलं.

"नगं," तो वर न बघता म्हणाला. "तिला त्याचीच सवय हाय."